क्षितिज नसलेले चित्र : वारली कला आणि जमिनीशी असलेले नाते

शाळेत चित्रकलेच्या तासाला आपण जवळजवळ सर्वांनी एक चित्र काढलेले असते. दोन डोंगर, त्यांच्या खाचेतून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर उतरत्या छपराची झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात दोन-दोन फराट्यांचे पक्षी. या चित्राला आपण निसर्गचित्र म्हणतो, आणि ते काढणारे मूल मात्र त्यात कुठेच नसते. ते कागदाच्या अलीकडे बसलेले असते, निसर्ग पलीकडे असतो, आणि दोघांच्या मधली सीमा म्हणजे ती आडवी रेघ, जिला आपण क्षितिज म्हणतो.

वारली चित्रात ही रेघ नसते. सूर्य आणि चंद्र एकाच वेळी हजर असतात. शेताचे चौकोन वरून पाहिल्यासारखे दिसतात, त्याच शेतातला बैल बाजूने पाहिल्यासारखा दिसतो, आणि शेजारी चाललेल्या नाचाचा फेर पुन्हा वरून पाहिल्यासारखा. लांबचे लहान आणि जवळचे मोठे असा हिशेब तिथे चालत नाही, सावल्या पडत नाहीत, माणसांना चेहरे नसतात. एकेकाळी या साऱ्याला 'बाळबोध' म्हणून बाजूला सारले जाई, म्हणजे या लोकांना दूर-जवळचे भान दाखवता येत नाही असे मानले जाई. वस्तुस्थिती अशी आहे की दूर-जवळ ठरवायला पाहणारा एका जागी उभा असावा लागतो, आणि वारली चित्रात असा बाहेर उभा राहून पाहणारा कोणी गृहीतच धरलेला नाही.

जगभरच्या आदिवासी कलावंतांच्या आजच्या चित्रांविषयी बोलताना 'जमिनीशी नाते', 'निसर्गाशी एकरूपता' असे शब्द सर्रास वापरले जातात. प्रदर्शनांच्या माहितीपत्रकांत ते इतक्यांदा येतात की त्यांचा अर्थ झिजून गेला आहे. नाते म्हणजे नेमके काय, ते चित्रात कुठे दिसते, आणि जमीनच हातची जाऊ लागली की त्या चित्राचे काय होते, हे समजून घ्यायचे तर एकाच परंपरेकडे जवळून पाहिलेले बरे. त्यासाठी येथे वारली चित्रकला निवडली आहे, कारण ती आपल्या सर्वात जवळची आहे आणि कपबशा, कुडते व सोसायट्यांच्या कुंपणभिंती यांवर सतत दिसत असूनही, किंवा सतत दिसत असल्यामुळेच, ती आपण क्वचितच पाहतो.

वारली समाज मुख्यतः पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत, नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत आणि सीमेपलीकडे दक्षिण गुजरात व दादरा नगर हवेलीत राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील वारलींची संख्या ८ लाखांच्या जवळपास होती. काही अभ्यासक 'वारली' हे नाव 'वारल' म्हणजे लागवडीचा लहानसा तुकडा या शब्दाशी जोडतात. शेती मुख्यतः पावसावरची, भाताची आणि नाचणीची. तिला जोड जंगलातील भाज्या, कंद, मध, मासळी आणि ताडी यांची. आधी राब भाजायचा, म्हणजे वाळलेला पाला-फांद्या पसरून रोपवाटिकेची जमीन जाळायची, मग पाऊस पडला की पेरायचे, रोपे तरारली की आवण उपटून लावणी करायची, ही रीत इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे.

या जगात देवांची नावे ऐकली तरी नात्याचा अंदाज येतो. धरतरी म्हणजे धरणी, कणसरी म्हणजे कणसातली, धान्याची देवी, नारनदेव पावसाचा, हिरवा हा घरातला देव, हिमाय ही देवी, आणि वाघदेव, ज्याला वाघोबा म्हणतात. यांपैकी कोणीही फार उंचावर बसलेला नाही. कणसरी घरात येते, कणगीत राहते, तिचा अपमान झाला तर निघून जाते. पावसाच्या आरंभी उगवणारी कोळीची भाजी देवाला दाखवल्याखेरीज खायची नाही, नवे धान्य आधी देवाच्या पुढे आणि मग पानात, वाघबारशीला वाघोबाचा वाटा वाघोबाला. शेंदूर लावलेली वाघोबाची स्थाने पालघर-ठाण्यापासून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेपर्यंत ठिकठिकाणी आहेत, आणि त्या परिसरात बिबटे आजही खरोखर हिंडतात.

इथे 'नाते' हा मराठी शब्द त्याच्या पुऱ्या वजनाने घ्यायला हवा. आपल्याकडे नाते म्हणजे नुसता जिव्हाळा कधीच नसतो. नात्यात देणे-घेणे असते, मानपान असतो, आमंत्रण चुकले तर रुसवा असतो, आणि मोठ्यांची थोडी भीतीही असते. वारली माणसाचे जमिनीशी, धान्याशी, वाघाशी असलेले नाते या प्रकारचे आहे. 'निसर्गप्रेम' हा शब्द त्याला लागू पडत नाही, कारण मामावर आपण प्रेम करतो की नाही यापेक्षा लग्नात त्याचा मान राखला की नाही हे जास्त महत्त्वाचे असते. वाघोबावर प्रेम असणे आवश्यक नाही. त्याचा वाटा मात्र चुकता कामा नये.

हा मानपान जिथे चित्राच्या रूपाने प्रकट होतो ती जागा म्हणजे लग्नघराची भिंत. वारली चित्रकलेचे मूळ लग्नचौकात आहे. लग्नाच्या आधी घरातली एक भिंत शेणाने सारवून वर गेरूचा हात दिला जातो. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग करतात, बांबूच्या काडीचे टोक चावून त्याची कुंचली बनवतात, आणि सवासिनी चौक 'लिहायला' बसतात. चौक काढणे असे न म्हणता लिहिणे म्हणतात. आधी मोठा चौकोन आखला जातो. त्याच्या कडांवर एकात एक गुंतलेल्या साखळ्या, कंगोरे आणि ठिपक्यांच्या ओळी अशा एकापुढे एक भरत जातात, आणि या कडांची रुंदी इतकी वाढते की मधला रिकामा भाग एखाद्या अंगणासारखा दिसू लागतो. त्या अंगणात पालघट देवी उभी राहते, दोन त्रिकोणांचे धड आणि पसरलेले हात घेऊन. तिच्या नावातला घट हा काठोकाठ भरून वाहणारा, अंकुरलेला घट आहे; ती झाडाझुडपांची, धान्याची आणि येणाऱ्या संततीची देवी आहे. चौकात फणी असते, शिडी असते, सूर्य-चंद्र असतात. बाजूला लहान देवचौकात पंचशिऱ्या देव असतो, पाच शिरांचा, बहुधा घोड्यावर स्वार झालेला. चौकाबाहेरच्या भिंतीवर ताडाची झाडे, नाचणारी माणसे, वरातीतली मंडळी, मोर, वानरे, मुंग्या येतात.

चौक पुरा झाला की त्यावर हळदकुंकवाची बोटे उमटतात. मग धवळेरी गाऊ लागते. वारली समाजात लग्न लावणारी ही धवळेरी स्त्री असते, आणि तिच्या गाण्यांत सृष्टीच्या जन्मापासूनच्या कथा येतात. १३ व्या शतकात महदंबेने रचलेली विवाहगीते 'धवळे' या नावानेच ओळखली जातात, हे आठवले की हा शब्द डोंगरापलीकडचा नाही, आपल्याच घरातला आहे, हे ध्यानात येते. भगताच्या अंगात वारे येते, देवांना नावे घेऊन बोलावले जाते. चौकातली पालघट तोवर कापडाने झाकलेली असते, कारण चित्र पुरे झाले तरी देवी अजून आलेली नसते. ती आल्यावर पडदा दूर होतो आणि मगच लग्न लागू शकते. चौक नाही तर लग्न नाही.

म्हणजे हे चित्र कोणी पाहावे म्हणून काढलेले नसते. ते एक आमंत्रण असते. चौकोनाचा अर्थही त्यातून उलगडतो. गोल सूर्यचंद्रावरून सुचला, त्रिकोण डोंगराच्या आणि झाडाच्या शेंड्यावरून, असे साधारणतः सांगितले जाते. चौकोनासारखा आकार मात्र निसर्गात सहसा आढळत नाही. तो माणसाने आखलेला आहे, आणि त्याचा उपयोग जमिनीचा एक तुकडा वेगळा काढून 'इथे ये, इथे बस' असे म्हणण्यासाठी आहे. आपण पाहुण्यासाठी पाट मांडतो आणि भोवती रांगोळी काढतो, तसेच काहीसे.

ज्या भिंतीवर हे घडते ती भिंतही बारकाईने पाहण्यासारखी आहे. जुन्या वारली घराची भिंत कुडाची असते. जंगलातून आणलेल्या कारवीच्या काठ्या उभ्या करून बांधायच्या आणि त्यांवर माती व शेण यांचा गिलावा द्यायचा. कारवी हे तेच झुडूप, जे सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि डोंगर जांभळा करून टाकते. आता चित्राचे साहित्य मोजून पाहा: आत कारवी, तिच्यावर माती, त्यावर शेण, त्यावर गेरू, आणि सर्वात वर शेतातल्या तांदळाचे पीठ. चित्रात जमिनीचे चित्रण किती आहे हा प्रश्नच इथे वेगळा होतो, कारण चित्र जमिनीचेच बनलेले आहे. ते टिकवण्याचीही कोणाला चिंता नसते. चुलीच्या धुराने ते काळवंडते, किडे पीठ खातात, पुढच्या सारवणात उरलेसुरले पुसले जाते आणि पुढच्या लग्नाला नवे लिहिले जाते. गुहाचित्रांशी साम्य दाखवून या कलेचे वय हजारो वर्षांत सांगण्याची हौस अनेकांना असते. दर पावसाळ्याला पुसल्या जाणाऱ्या चित्राला असला जन्मदाखला चिकटवण्याची गरज मला तरी वाटत नाही.

आता आकृत्यांकडे वळू. वारली माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक गोळा, हातापायांच्या चार बारीक रेघा. वरचा त्रिकोण छाती, खालचा कंबर, आणि दोघे जिथे भेटतात तो बिंदू इतका अरुंद की आकृती सतत तोल सावरते आहे असे वाटते. या रचनेमुळेच तिला वाकता येते, लावणी करता येते, उखळात मुसळ घालता येते, नाचता येते. त्याच त्रिकोणांतून बैल होतो, कोंबडा होतो, घराचे छप्पर होते, डोंगर होतो. माणसासाठी वेगळा, खास आकार राखून ठेवलेला नाही, आणि रंगही सर्वांना तोच पांढरा. मुंगी माणसाइतक्याच मनापासून काढलेली असते. वारली चित्रात नात्याची कल्पना कुठे दिसते असे विचारले तर माझे उत्तर हेच राहील, की ती विषयात शोधू नये, या व्याकरणात शोधावी.

तारप्याचा फेर हे त्याचे सर्वात परिचित उदाहरण. तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाळलेला दुधी भोपळा, त्याला जोडलेल्या बांबूच्या नळ्या, आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. भाताच्या कापणीच्या दिवसांत, नवे धान्य घरात येत असताना तो वाजू लागतो. वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती सापासारखे फिरतात. सूर बदलला की पावले बदलतात, तारपेकरी वळला की रांग वळते, आणि तारप्याकडे कोणी पाठ करत नाही. चित्रात हा फेर घट्ट आवळलेल्या वेटोळ्यासारखा दिसतो, आणि त्याला शेवट असा सापडत नाही. आपल्या कुंपणभिंतीवर रंगारी हाच फेर काढतो तेव्हा बहुधा एक पूर्ण वर्तुळ काढतो, आणि मधला तारपेकरी जागेअभावी गाळतो. मग ती माणसे नेमकी कशाभोवती नाचत आहेत, हे कळायला मार्ग राहत नाही.

या गोड वर्णनात इतिहासाचा कडवट भाग सुटता कामा नये. ज्या जमिनीशी हे नाते होते ती जमीन इंग्रजी अमलात वारलींच्या हातून मोठ्या प्रमाणावर सावकार आणि जमीनदारांकडे गेली, आणि जंगल सरकारी वनखात्याकडे. कसणारा आपल्याच शेतात वेठीला राबू लागला. यातली सर्वात बोचणारी गोष्ट म्हणजे लग्नगड्याची पद्धत: लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, त्याच्याकडे फुकट राबायचे. ज्या लग्नासाठी भिंतीवर धान्याच्या देवीला बोलावले जाई, तेच लग्न माणसाला त्या धान्यापासून तोडून टाकत असे. १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वारलींचा लढा उभा केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मारले गेले; वेठ आणि लग्नगड्याची पद्धत मात्र त्या लढ्याने मोडून काढली. वारली चौकांत हा लढा दिसत नाही. तरीही चौक पाहताना तो माहीत असावा, नाहीतर चित्रातली सुबत्ता ही रोजची परिस्थिती होती असा गैरसमज होतो. ती मागणी होती.

१९७० च्या दशकाच्या आरंभी ही भिंत कागदावर आली. हस्तकलांच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या भागात आले. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात मिथिलेच्या स्त्रियांना कागद देऊन चित्रे काढायला लावण्याचे काम त्यांनी केले होते. इथेही त्यांनी कागद आणि रंग वाटले. सवासिनींबरोबर एक पुरुषही पुढे आला, गंजाड गावच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हशे. १९३४ च्या सुमारास जन्मलेल्या जिव्यांची आई ते लहान असतानाच गेली, आणि त्या धक्क्याने त्यांचे बोलणे बंद झाले. सांगायचे असेल ते ते मातीत रेघा ओढून सांगत. चौक लिहिणे हे बायकांचे काम असलेल्या समाजात हा माणूस लग्न नसतानाही, देव बोलवायचे नसतानाही, रोज चित्रे काढत असे. १९७५ मध्ये मुंबईत केमोल्ड गॅलरीत त्यांचे प्रदर्शन झाले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले.

जिव्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र त्यांनी अनेकदा काढले. त्यातले एखादे डोळ्यापुढे आणून पाहा. शेणाच्या पाण्याने रंगवलेले कापड. त्यावर कडेपासून कडेपर्यंत पसरलेले एक अवाढव्य जाळे, हजारो केसासारख्या रेघांनी विणलेले, कुठे दाट कुठे विरळ, जणू पाण्याच्या ओढीने फुगलेले. माणसे आहेत, पण ती काठावर, बोटाच्या पेराएवढी. प्रथम वाटते की जाळे माणसांनी टाकले आहे. थोडा वेळ पाहत राहिले की जाळे, पाणी, मासे आणि ती चिमुकली माणसे यांतले कोण कोणाला धरून आहे हे ठरवणे अवघड होते. चित्राला सुरुवात आणि केंद्र उरत नाही. लग्नचौकातला चौकोन इथे नाही, पालघट नाही, धार्मिक निमित्तही नाही. व्याकरण मात्र तेच आहे, आणि एका माणसाच्या हातात ते किती ताणता येते हे त्या जाळ्यात दिसते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्याबरोबर जिव्यांचे प्रदर्शन भरले. लाँग माळरानांवर मैलोगणती चालतात आणि वाटेत दगडांची वर्तुळे किंवा रेघा मांडतात. जमिनीवर पायाने चित्र काढणारा आणि जमिनीच्या रंगाने चित्र काढणारा, अशी ती जोडी होती.

या बदलाची किंमतही पडली, आणि ती मुख्यतः बायकांनी मोजली. कागद विकला जाऊ लागल्याबरोबर कुंचली पुरुषांच्या हातात गेली. गंजाडच्या मान्यवर चित्रकारांची नावे घेतली तर आजही त्यांत पुरुष अधिक. धवळेरीचे गाणे तर दालनांपर्यंत पोचलेच नाही, आणि गाण्याशिवायचा चौक म्हणजे पत्ता लिहिलेले पण न पाठवलेले आमंत्रण.

'समकालीन' हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडतो तो यानंतरच्या पिढीला. त्यातले एक काम मला फार मोलाचे वाटते. २०१३ च्या आरंभी दिल्लीच्या छायाचित्रकार गौरी गिल गंजाडच्या शाळेतील एका कलाकार्यक्रमाच्या निमित्ताने तिथे आल्या आणि राजेश वांगड या वारली चित्रकाराच्या घरी राहिल्या. वांगड त्यांना परिसरात हिंडवत, आणि प्रत्येक ठिकाणी तिथे काय घडले ते सांगत: इथे अमका देव, इथे दुष्काळात अमके झाले, या झाडीत पूर्वी काय होते. गिल यांनी त्या जागांची कृष्णधवल छायाचित्रे काढली, आणि ती पाहताना त्यांना जाणवले की वांगडांनी सांगितलेले त्यांत काहीच नाही. छायाचित्रात होता एक ओसाड माळ, दोन झाडे, लांबवर टेकडी. मग त्या छायाचित्रांवर वांगडांनी शाईने चित्रे काढली.

त्या चित्रांत नेमके काय घडते ते पाहिले तर या लेखाच्या आरंभीचा मुद्दा स्पष्ट होतो. कॅमेऱ्याला क्षितिज असतेच. यंत्राला एका जागी उभे राहूनच पाहावे लागते. त्या क्षितिजाच्या खाली, वर आणि थेट आकाशात वांगडांची बारीक रेघ पसरत जाते. माळावर माणसांच्या रांगा, पक्षी, मुंग्या, बैल, देव, घरे, पूर्वीचे जंगल आणि आजची यंत्रे दाटीवाटीने उगवतात. रिकाम्या आकाशाला दाट कथा व्यापून टाकते. कित्येक चित्रांत वांगड स्वतः, शर्ट-पँट घातलेले, त्या दृश्यात उभे दिसतात, म्हणजे सांगणारा बाहेर राहत नाही. कॅमेऱ्याने जे 'दृश्य' म्हणून टिपले ते वांगडांच्या रेघेने 'गाव' करून दाखवले. एखाद्या ओस जागेकडे बोट दाखवून 'इथे काही नाही' असे सरकारी किंवा व्यापारी नजरेने म्हटले जाते तेव्हा ती नजर कॅमेऱ्याची असते, हेही या चित्रांवरून उमगते.

गंजाडचेच तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ अशाच मोठ्या पटावर काम करतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे २०२१-२२ मध्ये झालेल्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यांचे सृष्टीच्या उत्पत्तीचे धरतरी-चित्र लागले होते. ब्रिस्बेनचा उल्लेख आला म्हणून एक तुलना करण्यासारखी आहे. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील ग्रेट सँडी वाळवंटातील न्गुरारा लोकांनी १९९७ मध्ये आपल्या जमिनीवरील हक्काचा दावा मांडताना ८ मीटर बाय १० मीटरचे एक अजस्र चित्र रंगवले. चाळीसहून अधिक जणांनी त्यात आपापल्या पाणवठ्यांची जागा रंगवली, आणि सुनावणीच्या वेळी प्रत्येक जण चित्रातल्या आपल्या भागावर उभा राहून आपल्या भाषेत बोलला. त्यांना कागदोपत्री सातबारा दाखवता येत नव्हता. पाणवठा ठाऊक असणे, त्याची कथा आणि गाणे ठाऊक असणे हाच त्यांचा पुरावा होता. २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला.

आपल्याकडे चित्राला असा मान कचेरीत मिळालेला नाही. तरी २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत पुराव्यांच्या यादीत विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांचा उल्लेख आहे, तसेच वडीलधाऱ्यांचे जबाबही ग्राह्य धरले आहेत. म्हणजे शेंदूर लावलेला वाघोबा कायद्याच्या भाषेतही थोडाफार बोलू शकतो. त्याच्या बोलण्याची गरज वाढतेच आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्याच तालुक्यात वाढवण येथे महाकाय बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली, आणि बुलेट ट्रेनचा मार्गही पालघर जिल्ह्यातून जातो. मुंबईत आरेच्या जंगलात, जिथे वारलींचे पाडे आहेत, मेट्रोच्या कारशेडसाठी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, तेव्हा निदर्शकांच्या फलकांवर वारली आकृत्या दिसत होत्या. शहरी निदर्शकाला त्या आकृत्या 'निसर्ग' या शब्दाचे चिन्ह म्हणून हव्या होत्या. पाड्यावरच्या माणसासाठी तिथल्या विशिष्ट झाडाखाली विशिष्ट देव होता. दोघे एकाच बाजूला उभे होते, पण एकच वाक्य बोलत नव्हते.

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. त्यामुळे 'वारली' हे नाव लावून माल विकण्याचा अधिकार त्या प्रदेशातील नोंदणीकृत कलावंतांशी बांधला गेला. त्रिकोण-गोलांच्या शैलीवर मात्र कोणाचा हक्क सांगता येत नाही, आणि छापखान्यात कापडावर मैलोगणती उमटणारा तारप्याचा फेर त्यामुळे थांबत नाही. माझ्याही घरी असे एक पायपुसणे आले होते. त्यावर नाचणाऱ्या माणसांची रांग होती आणि कडेला, शोभेसाठी, लग्नचौकातली साखळी. देवीला बसायला आखलेल्या जागेची चौकट पाय पुसण्यासाठी वापरली जात होती, आणि ते घेणाऱ्याच्या, म्हणजे माझ्याच, लक्षात यायला दोन महिने लागले.

गंजाडच्या परिसरात आज बहुतेक चित्रे विकण्यासाठी होतात, आणि ती कापडावर, ॲक्रिलिकच्या पांढऱ्या रंगात होतात, कारण गिऱ्हाइकाला टिकाऊ चित्र हवे असते आणि तांदळाचे पीठ टिकत नाही. घरेही बदलली आहेत. विटांच्या, सिमेंटच्या भिंतीला कारवी लागत नाही आणि सारवणही नीट धरत नाही. लग्न ठरले की मात्र त्याच घरात, विक्रीच्या कापडांची गुंडाळी कोपऱ्यात सरकवून, पीठ कालवले जाते. पालघटीला बोलावण्यासाठी तांदूळच लागतो, कारण ती येते ती तांदळातूनच.